‘पाहुणा’मधली पांढरी फ्रेम

१

नंदकुमार सबनीसांनी फिल्मचा तिसरा डबा उचलला. डबा हलका होता. झाकण काढलं तर आत काहीच नव्हतं. ‘पाहुणा’ गायब झाला होता.

दिवस शुक्रवारचा, साल शहाऐंशी. रविवारी सकाळी दहाला मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ‘हरेश्वर वैती : तीन लघुपट’ असा कार्यक्रम ठरला होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या, परदेशातल्या एका संग्रहालयाचा माणूस मुद्दाम यायचा होता. सबनीस फिल्म सोसायटीचे अध्यक्ष. बँक पोटासाठी आणि सिनेमा जिवासाठी, असं ते स्वतःच चारचौघांत सांगत. बोभाटा नको म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं नाही. मागच्या इमारतीतून श्यामसुंदर राऊळांना बोलावून घेतलं.

राऊळांनी अंधेरीच्या एका लॅबमध्ये एकतीस वर्षं चेकर म्हणून काढली होती. बाहेर पडणारी प्रत्येक प्रिंट हातमोजे घालून दिव्यासमोर धरायची, तिच्यातले ओरखडे, डाग, जोड शोधायचे आणि कागदावर लिहायचे, एवढंच काम. त्यामुळे समोर येईल ती वस्तू आधी डागासाठी तपासायची त्यांना खोड लागली होती, आणि त्यातून माणसंही सुटत नसत. निवृत्तीनंतर आसपास कुणाचं काही हरवलं की लोक त्यांना हाक मारत, आणि ते तोंडाने करवादत का होईना, शोधून देत.

हरेश्वर वैती मूळचा माहुलच्या कोळीवाड्यातला. आता तो जाहिराती करायचा. पण चौसष्ट ते सदुसष्ट या काळात, मिसरूड नुकतं फुटलेलं असताना, त्याने चावीच्या कॅमेऱ्यावर तीन मुके लघुपट केले होते. ‘घड्याळाचं कालवण’मध्ये एक बाई भिंतीवरचं घड्याळ उतरवून, साफ करून शिजवते आणि घरचे ते मुकाट जेवतात. ‘बोंबलांची शाळा’मध्ये बाकांवर सुके बोंबील बसलेले असतात आणि मास्तर हजेरी घेत असतो. ‘पाहुणा’मध्ये लग्नाचा कोट घातलेला माणूस नवरीने दिलेली खुर्ची डोक्यावर घेऊन ओहोटीच्या खाडीत चालत जातो, चिखलात खुर्ची मांडून बसतो आणि हळूहळू खुर्चीसकट बुडतो. मध्येच पडदा क्षणभर पांढराफटक पडतो. मग पुन्हा तोच माणूस, तसाच बुडताना. या पांढऱ्या झबक्यावर सबनीसांनी चौदा पानांचा लेख लिहिला होता आणि त्याला ‘आत्म्याचा निरोप’ असं नाव दिलं होतं.

मूळ फिल्म पावसाळ्यात कुजली, असं हरेश्वर सांगत असे. एका वकिलातीच्या गोदामात पडलेल्या या प्रिंटा सबनीसांनी खेटे घालून मिळवल्या होत्या.

“त्या काळी या मीच तपासल्या होत्या,” राऊळ म्हणाले. “तुमच्या त्या झबक्यापुढे मी ‘दोष, कापावा’ असं लिहिलं होतं. वैतींनी कापला नाही.”

“तो दोष नव्हता, राऊळ,” सबनीस दुखावले.

“बरं, नसेल. डबा भरलेला शेवटचा कधी बघितलात?”

“गेल्या रविवारी, याच घरात. जेवायला तिघं आले होते. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. नेली असेल तर त्या तिघांपैकीच कुणीतरी.”

२

सबनीसांपेक्षा त्यांची बायको सुगंधा जास्त कामाची निघाली. तिला प्रतीकं दिसत नसत, माणसं दिसत.

“हरेश्वर आले होते, आणि त्यांचे तेव्हाचे कॅमेरामन लवू परब,” ती म्हणाली. “तिसरी मथुराबाई. हरेश्वरांची वहिनी. मुलुंडच्या बाजारात बसते, दहा वर्षं आमच्याकडे मासळी तीच देते. पापलेटं साफ करायला थांबली, म्हटलं जेवूनच जा. जेवणं झाल्यावर ह्यांनी भिंतीवर तिन्ही फिल्मा लावल्या.”

“कोण कुठे होतं?”

“तिसरी सुरू झाली आणि हरेश्वर सिगरेट घेऊन बाल्कनीत गेले. परब बसून राहिले, पण डोळे मिटून. मला वाटलं जेवण अंगावर आलं. मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओलेच. संपल्यावर ह्यांना विचारते कशी, ‘साहेब, यो खरा का खेल?’ हे हसले. म्हणाले, ‘बाई, यात खरं काहीच नसतं. हे स्वप्न आहे.’”

“आणि मग?”

“मग अर्धा तास पुरुषमंडळी पान खात बाल्कनीतून आत-बाहेर करत होती, मी भांडी काढत होते. डबे इथेच टेबलावर होते. संध्याकाळी ह्यांनी न बघता कपाटात ठेवले.”

म्हणजे तिघांनाही अर्धा तास मोकळा मिळाला होता. राऊळ उठले तेव्हा सुगंधा हळूच म्हणाली, “एक सांगू का? ह्यांना मी बोलले नाही, उगाच चिडतील. सोमवारी हरेश्वरांचा फोन आला होता. म्हणाले, ‘वहिनी, काहीही करा, पण तिसरी दाखवू नका.’”

३

अंधेरीच्या स्टुडिओत हरेश्वर वैती एका तान्ह्या बाळाला पावडर लावून घेत होता. बाळ रडत होतं, बाळाची आई रडायच्या बेतात होती, आणि हरेश्वर घामाने निथळत ‘हसव, हसव त्याला’ असं कुणालातरी सांगत होता. ज्याने घड्याळाचं कालवण शिजवलं, तो आता पावडर विकत होता. राऊळांना वाईट वाटलं नाही. अंधेरीत त्यांनी याहून मोठी माणसं साबणाच्या फेसात गेलेली पाहिली होती.

“फिल्म मी नेली नाही,” हरेश्वर म्हणाला. “ज्याने नेली त्याने उपकार केले. पोरवयातलं काम ते. लाज वाटते बघायला.”

“पहिल्या दोनांची नाही वाटत?”

हरेश्वरने रुमालाने मान पुसली.

“त्यातला तो कोटवाला कोण?”

“माझा थोरला भाऊ, भिकाजी. शूटिंग झालं आणि त्याच दुपारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून आखातात, बसऱ्याला गेला. आम्हाला पत्ताच नाही. नंतर वहिनीला दोन पत्रं आली, तीपण बंद झाली. तिकडेच संसार थाटला असेल. वाईट झालं, पण काय करणार?”

“बायकोला न सांगता गेला? कपडे बिपडे?”

“कपडे कुठले. अंगावरचा कोट घालून गेला तो. लग्नातला कोट होता, वहिनी अजून त्याच कोटासाठी रडते.”

राऊळांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “शूटिंगनंतर लगेच गेला म्हणता. म्हणजे गळ्यापर्यंत चिखलाने भरलेला कोट घालून तो परदेशी गेला?”

हरेश्वरचा चेहरा बाळाच्या पावडरीसारखा झाला. आतून कुणीतरी हाक मारली, “सर, हसलं, हसलं,” आणि तो जवळजवळ पळतच आत गेला.

४

लवू परबचं भांडुपला व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. भाड्याने कॅसेट देता देता त्याचे डोळे पिवळे पडले होते. तो राऊळांच्याच गावाकडचा, त्यामुळे नमस्कार-चमत्कार झाले नाहीत.

“लवू, खरं सांग. तू नेलंस?”

“माका काय इचारू नको, श्यामसुंदर,” लवू म्हणाला. “ती फिल्म माझ्या हातात इली असती तर मी तिका तेव्हाच काडी लावली असती.”

कॅसेटच्या फळीवर, सगळ्यांत वर, जुना चावीचा कॅमेरा ठेवला होता. राऊळांनी खुर्चीवर चढून तो खाली घेतला. लेन्स नीट पुसलेली होती, कातडी पट्टा शाबूत होता. फक्त चावी नव्हती. ती पडलेली नव्हती, पक्कड लावून मोडलेली होती.

“हे कुणी केलं?”

“मीच केलंय.”

“कधी?”

“सदुसष्ट साली,” लवू म्हणाला आणि एका गिऱ्हाइकाकडे वळला, ते पुन्हा काही राऊळांकडे बघेचना.

बाहेर येऊन राऊळ एका टपरीवर चहा घेत उभे राहिले. दोघांनाही ती फिल्म नकोशी होती. मग दोघांपैकी कुणी नेली असती तर कशी नेली असती? डब्यासकट. सिनेमातला माणूस उघडी फिल्म कधी हातात धरून चालायचा नाही. हाताला तशी सवयच नसते, एक ओरखडा पडला तरी जीव कळवळतो. लवूने जाळायला नेली असती तरी डब्यातूनच नेली असती. चोराने गुंडाळी तेवढी उचलली आणि डबा मागे ठेवला. त्याच्या लेखी डबा म्हणजे फक्त डबा होता, आणि टोपलीत मासळीखाली डबा मावत नाही.

राऊळांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि माहुलची वाट धरली.

५

माहुलला हवेत तेलाचा आणि सुक्या मासळीचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. कारखान्यांच्या टाक्यांखाली कोळीवाडा दबून बसल्यासारखा. मथुराबाई ओट्यावर सुकट निवडत होती. पन्नाशीची, काटक बाई. उजवा हात बोडका आणि डाव्या हातात जवळजवळ कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

“या, बसा,” ती म्हणाली. ती अजिबात दचकली नाही.

या बाईची गोष्ट राऊळांना वाटेतच कळली होती. नाक्यावर घर विचारलं तर पानवाल्याने पत्त्याबरोबर तीही सांगितली. एकोणीस वर्षं ती ना सवाष्ण होती ना विधवा. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, कारण नवरा टाकून गेलेला. बांगड्या फोडायला कुणी सांगत नसे, कारण पत्रं आली होती. नारळी पुनवेला सगळ्या नाचायच्या आणि ती दार लावून बसायची. तिच्या तोंडावर आणि पाठीमागे वाडी एकच म्हणायची, हिच्यातच काहीतरी खोट असणार.

भिंतीवर एक फोटो होता. काच नवी, चौकट नवी, हार कालचा. कोट घातलेला एक हसरा तरुण आणि शेजारी नवरीच्या साजातली मथुरा.

“लग्नातला हाय,” ती म्हणाली.

राऊळ फोटोजवळ गेले. सवयीने डाग शोधू लागले, आणि डाग सापडला. फोटोतल्या नवरीच्या उजव्या हातात बांगड्या होत्या. डावा हात बोडका होता.

“मथुराबाई, तीस वर्षं मी कोळणींकडून मासे घेतोय,” ते म्हणाले. “उजव्या हातात बांगडी असलेली एकही बघितली नाही. एकीला विचारलं होतं मी. लग्नातच उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, त्याने नवऱ्याला सांभाळावं म्हणून. मग नवरीच्या उजव्या हातात बांगड्या कशा? आणि तुमच्या मालकांच्या कोटाचा वरचा खिसाही उजवीकडे आहे. कुठला शिंपी तसा शिवेल?”

ती पुन्हा सुकट निवडू लागली.

“हा फोटो लग्नात काढलेला नाही. कुणीतरी फिल्मचा तुकडा उलट्या बाजूने धरून त्याचा फोटो केलाय. सिनेमातल्या माणसाने बाजू चुकवली नसती. तुमच्या फोटोवाल्याने चुकवली.”

मथुराबाई उठली. तांदळाच्या पिंपातून तिने जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फिल्म काढली आणि राऊळांच्या मांडीवर ठेवली.

“चेंबूरच्या फोटूवाल्या पोऱ्याला म्या दिलता तुकरा,” ती म्हणाली. “माज्याकरं यांचा एक फोटू नाय. नवरी मीच झालते, माज्या हातानं यांना खुर्ची दिली. येवरंच काम मना सांगितलता. पुरचं मना कोनी दाखवलंच नाय.” मग ती थांबली. “तुमी जनमभर ह्येच बगत आलात ना? मंग मना बगून सांगा. साहेब बोलले, सपान हाय. तो परत उठला का नाय, येवरंच सांगा.”

६

दारातल्या उजेडात राऊळ भिंग लावून बसले. फिल्म बोटांतून हळूहळू सरकू लागली. एकोणीस वर्षांपूर्वी ती याच बोटांतून गेली होती.

माणूस खुर्चीवर बसला. चिखल गुडघ्यांशी आला, पोटाशी आला. मग त्याने उजवा हात वर केला, तळवा खाली, आणि पुढे-मागे ढकलल्यासारखा हलवला. सबनीसांच्या लेखात याला ‘आशीर्वादाची मुद्रा’ म्हटलं होतं.

“हे काय करतात ते?”

“यो फली मागतंय,” मथुरा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “खारीत वाऱ्यानं हाक पोचत नाय. गाल्यात पाय रुतला तर असा हात करायचा, मंग कोन पन फली सारतंय. पोरालापन कलतंय ह्ये. पन खेलातपन कोनी हात करंल ना, भाऊ?”

राऊळ पांढऱ्या फ्रेमपाशी आले आणि थांबले. तिच्या आधीची फ्रेम बघितली, नंतरची बघितली. पुन्हा आधीची.

“हा चावीचा कॅमेरा,” ते सावकाश बोलू लागले. “घड्याळासारखी चावी द्यायची, की अर्धा मिनिट चालतो आणि थांबतो. पुन्हा चावी देऊन सुरू केला की वेग घेईपर्यंत पहिल्या फ्रेमवर उजेड जास्त पडतो. ती अशी पांढरी होते. म्हणजे इथे कॅमेरा थांबला होता.”

“मंग तवाच काढला असंल त्याला भायेर?”

तिच्या आवाजातली आशा ऐकून राऊळांना वाटलं, हो म्हणून टाकावं आणि उठावं. पण एकतीस वर्षांत त्यांनी डाग असलेल्या प्रिंटवर कधी ‘ठीक’ लिहिलं नव्हतं.

“नाही. थांबण्याआधी चिखल कोटाच्या दुसऱ्या बटणाच्या खाली आहे. नंतर बटणावर. मधल्या वेळात ते बोटभरच खाली गेले. मागे खुंटावर बगळा आहे, तो त्याच पायावर उभा आहे. माणसाला बाहेर काढलं असतं तर भोवतीचा चिखल मोडला असता, तो तर साईसारखा सपाट आहे. आणि इथे कोपऱ्यात बघा, कॅमेऱ्याच्या पायाशी.”

तिने भिंगातून बघितलं. फळीचं टोक होतं. पांढऱ्या फ्रेमच्या आधीही तिथेच, नंतरही तिथेच.

“हात दोन्ही फ्रेममध्ये वर आहे,” राऊळ म्हणाले. “ते फळी मागत होते. फळी जवळ होती. आणि त्या वेळात कुणीतरी कॅमेऱ्याला चावी दिली.”

उरलेली फिल्म त्यांनी शेवटपर्यंत बघितली. चिखल, खुर्चीची पाठ, नुसता चिखल, मग रीळ संपलं. माणूस उठला नव्हता.

“नाही उठले, मथुराबाई.”

ती रडली नाही. डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून मागेपुढे करत राहिली. रडू राऊळांना आलं. माणूस मरताना त्यांच्या बोटांखालून गेला होता आणि त्यांनी त्याच्यापुढे ‘दोष, कापावा’ एवढंच लिहिलं होतं.

“दर्यानं आपला शबूद पालला,” मथुरा म्हणाली. “मी दिल्या बांगऱ्या, त्यानं याला कदी हात नाय लावला. घरच्यांनी नाय पालला.”

७

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमागच्या वर्गात राऊळांनी चौघांपुढे सगळं मांडलं. बाकावर सबनीस, सुगंधा, हरेश्वर आणि लवू बसले होते. राऊळांचं बोलणं संपायच्या आत लवूने तोंड हातांत लपवलं.

“हरेश्वरान सांगल्यान, ‘चावी दे, चावी दे’,” तो म्हणाला. “माका वाटला, आधी चावी, मगे फळी. दहा-पंधरा सेकंद, श्यामसुंदर. मगे रीळ संपला, तेव्हा फळी टाकूक गेलो तर थय कोणच नाय. पत्रां पण मीच लिवलय, तेनाच सांगल्यान म्हणून.”

“मला काय माहीत होतं?” हरेश्वर म्हणाला. “तिथे लहानपणापासून आम्ही चालायचो. खाली घट्ट होतं. त्या वर्षी नव्या पाइपसाठी चर खणला होता तो कुणी सांगितला नाही. ठरलं होतं कमरेपर्यंत. मग तो हात करायला लागला, आणि ते दिसत होतं किती... उजेड जात होता. मला वाटलं, एवढं मिळू दे.”

“आणि झबका का ठेवलात?” राऊळांनी विचारलं.

“कापला असता तर विचारलं असतं ना कुणीतरी, तिथे काय लपवलं म्हणून.”

सबनीस पांढरे पडले होते. “मग आज ती दाखवता येणार नाही,” ते पुटपुटले.

“दाखवा,” दारातून आवाज आला. मथुरा उभी होती. हातात फिल्म होती आणि मागे माहुलच्या तीस-चाळीस बाया, म्हातारे कोळी, सगळे धुतल्या कपड्यांत. “समदा कोलीवारा आनलाय मी. समद्यांनी मना एकुनीस वर्सं बोल लावला. आता बगू दे समद्यांना.”

कुणालाच नाही म्हणता आलं नाही. तिने सबनीसांकडे रिकामा डबा मागितला. तो तिला मिळाला.

‘पाहुणा’ सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगांत चष्मे पुसले गेले, वह्या उघडल्या गेल्या. मागच्या रांगांत कुजबुज होती, भिकाजीचं नाव होतं. पडद्यावर त्याने हात वर केला. पुढच्या रांगांतला कुणीतरी ‘वाह’ म्हणाला. मागच्या रांगांत खुर्च्या वाजल्या. सगळे कोळी उभे राहिले होते. एक म्हातारा दोन्ही हात पुढे करून पडद्याला सांगत होता, “फली सारा रे. अरे, फली सारा कोनीतरी.” मग पडदा पांढरा पडला आणि पुन्हा तोच हात आला.

दिवे लागले. पुढच्या निम्म्या हॉलने टाळ्या वाजवल्या, मागे कुणी बसलेलंही नव्हतं. मथुरा मधल्या वाटेने पुढे आली, पहिल्या रांगेत हरेश्वरसमोर थांबली आणि डबा त्याच्या मांडीवर ठेवला. डबा वाजला. तिचा डावा हात आता उजव्यासारखाच बोडका होता. हरेश्वरने झाकण काढलं नाही. आत काय आहे ते त्याला ऐकूनच कळलं होतं.

संग्रहालयाचा माणूस भारावून सबनीसांकडे झुकला. हा प्रसंगही दिग्दर्शकाच्याच कल्पनेचा भाग आहे का, असं त्याने विचारलं. सबनीसांनी सवयीने घसा खाकरला आणि ते समजावून सांगायला लागले.

“सबनीस,” राऊळ म्हणाले, “गप्प बसा.”

मग ते प्रोजेक्टरपाशी गेले आणि फिल्म उघड्या हातांनी गुंडाळू लागले, कारण डबा आता दुसऱ्याच्या मालकीचा होता.